क्रूझवर दहा आठवडे इंटर्नशिप केली, जाणाऱ्यांसाठी लिहितेय

परवाच साइन ऑफ करून (जहाजावरचं काम संपवून) आले. हॉटेल मॅनेजमेंटची इंटर्नशिप, दहा आठवडे, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते, कारण मला जायच्या आधी हे सांगणारं कोणी नव्हतं.

आधी कागदपत्रं. मेडिकल, एसटीसीडब्ल्यूचं (जहाजावर काम करणाऱ्यांच्या ट्रेनिंगचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक सेफ्टी ट्रेनिंग (आग विझवणं, पाण्यातून लाइफराफ्टवर चढणं, प्रथमोपचार) आणि अमेरिकेची बंदरं असतील तर बहुतेकांना सी१/डी, म्हणजे जहाजाच्या क्रूचा व्हिसा, या सगळ्यात महिने जातात, त्यामुळे परीक्षा झाल्यावर बघू असं अजिबात करू नका. मला एका एजंटने प्लेसमेंट फी मागितली होती आणि मी भरणारच होते! मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ (जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणे जहाजावर नोकरी लावून द्यायचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेताच येत नाहीत. पासपोर्ट, मेडिकल, सीमॅन बुक (जहाजावरच्या कर्मचाऱ्याचं ओळखपुस्तक) असला खर्च आपल्याला पडू शकतो, पण फी नाही. आणि करारात तुमचं नाव क्रू म्हणून आहे ना, हे सही करायच्या आधी बघा.

केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दोघींत एक, बंकला पडदा. तो पडदा ओढला की तेवढीच जागा आपली. दिवस की रात्र काही कळत नाही, म्हणून साधं अलार्मचं घड्याळ न्याच. भिंती लोखंडी असतात, मॅग्नेटचे हुक फार कामाला येतात. एक्स्टेंशन बोर्ड आणि इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. बूट न घसरणारे आणि आधी वापरून मऊ केलेले हवेत, माझे नवे होते, पहिल्याच आठवड्यात टाचा सोलल्या.

सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा ऐकला की हातातलं टाकून आपल्या जागेवर जायचं. पहिल्या ड्रिलला मला माझं मस्टर स्टेशन (संकटात जमायची ठरलेली जागा) सापडेना, आणि माझ्याकडे बघून चालणारे प्रवासी मागे होते, पोटात गोळाच आला. त्या रात्री केबिन ते स्टेशन तीनदा चालून आले. तुम्ही पहिल्याच दिवशी चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झोप. नियम असा की २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती, १० तासांचे फार तर दोन तुकडे आणि त्यातला एक किमान सलग ६ तासांचा. टर्नअराउंडच्या दिवशी सकाळी सगळे प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढतात, काउंटरची रांग संपतच नाही. काम आणि विश्रांतीचे तास रोज एका शीटवर भरायचे असतात. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाले, "रोस्टरवर (ड्युटीच्या वेळापत्रकावर) आहेत तेच तास टाक", आणि मी सही केली. दुसऱ्या आठवड्यापासून खरे तास वहीत लिहिले आणि तेच शीटवर टाकले. थोडं ऐकून घ्यावं लागलं, पण एचआरने शीट बघून माझी संध्याकाळची शिफ्ट हलवली. इंटर्न आहे म्हणून घाबरू नका, रोज झोपायच्या आधी दोन ओळी लिहाच.

बंदरावर उतरताना इन-पोर्ट मॅनिंगच्या (बंदरात असताना जहाजावर थांबणाऱ्यांच्या) यादीत आपलं नाव नाही ना ते बघायचं, असेल तर जहाजावरच थांबावं लागतं. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोन बंदराची वेळ पकडतो, माझी रूममेट त्यामुळे गँगवे (जहाजावर चढायचा पूल) बंद व्हायच्या जेमतेम चार मिनिटं आधी धापा टाकत पोचली होती.