एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?

पाचवीच्या वर्गात हा प्रश्न तोंडी विचारला की पुढच्या रांगेतली ठरलेली पोरं "एक तृतीयांश!" म्हणून ओरडतात, आणि मागचा वर्ग त्यांच्या सुरात सूर मिसळतो. बाईंना वाटतं, चला, समजलं सगळ्यांना. तोच प्रश्न प्लिकर्स या ॲपवर घेतला तर निम्मा वर्ग एक चतुर्थांशावर अडकलेला दिसतो. त्यांचंही चुकत नाही म्हणा. तीनपेक्षा चार मोठे, हे आपणच त्यांना पहिलीपासून घोकून घेतलेलं असतं.

प्लिकर्समध्ये पोरांच्या हातात फोन लागत नाही, म्हणून ते माझ्या कामाचं. आमची जालना जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. लोकवर्गणीतून आलेला एक प्रोजेक्टर आहे, आणि नेट म्हणजे माझ्याच फोनचा हॉटस्पॉट. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड द्यायचं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कुणाचं काय उत्तर ते मला कळतं. प्रत्येक कार्डावरची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. (कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. खिडकीतून उजेड पडला की कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. मी पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत.)

तांड्यावरून येणारी एक मुलगी आहे. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, वर्गात तोंड उघडायला लाजते. तिचं कार्ड बहुतेक वेळा बरोबर असतं. तोंडी विचारत राहिले असते तर ती मला 'कच्ची'च वाटत राहिली असती.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला तक्ता दिला होता: प्रत्येक मुलापुढे त्याची अध्ययनशैली लिहा. पाहून शिकणारा, ऐकून शिकणारा, करून शिकणारा. ही कल्पना आपल्याकडे फार लाडकी आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी अशी एक प्रश्नावली बनवली, ती जगभर पसरली. पण 2008 मध्ये पॅशलर आणि आणखी तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. 'पाहून शिकणाऱ्या'ला चित्रांनी आणि 'ऐकून शिकणाऱ्या'ला बोलून शिकवलं म्हणून दोघं जास्त शिकतात, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला हे वाचून हायसं वाटलं. कविता कानांनीच कळते आणि नकाशा डोळ्यांनीच. मूल कुठल्या प्रकारचं यापेक्षा धडा कुठल्या प्रकारचा, हे आधी बघावं. एकाला 'ऐकून शिकणारा' ठरवून नकाशापासून लांब ठेवलं, तर त्याचं नुकसानच.

मुलं सारखी नसतात, हे मात्र अगदी खरं. कुणाचं वाचन मागे असतं, कुणाची घरची भाषा वेगळी, कुणी वर्षाचे चार-पाच महिने शाळेतच नसतं. म्हणून एकच गोष्ट चार तऱ्हांनी समोर ठेवायची, आणि चारही तऱ्हा सगळ्यांनाच दाखवायच्या.

इथे फेट कामाला येतं. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर आपण बदलून बघायची हलती चित्रं, फुकट आहेत, बरीच मराठीतही आहेत, आणि घरून उतरवून आणली की शाळेत नेट नसलं तरी चालतात. अपूर्णांकाच्या सिम्युलेशनमध्ये एकच अपूर्णांक वर्तुळात, पट्टीत, पाण्याच्या भांड्यात आणि संख्यारेषेवर दिसतो. छेद वाढवला की तुकडे डोळ्यांदेखत बारीक होतात. 'चार मोठे' म्हणणाऱ्यांना हे बघून गप्प बसावं लागतं. गंमत येते ती पाच छेद चारला. एका वर्तुळाचे चारच तुकडे, मग पाचवा आणायचा कुठून? "बाई, गणित चुकलंय," असं मला सांगण्यात आलं. संख्यारेषेवर मात्र एकाच्या पुढे एक पाऊल टाकलं की काम झालं. वर्तुळावर पटापट उत्तरं देणारी पोरं संख्यारेषेवर चाचपडतात, म्हणूनच तिथे जास्त वेळ द्यावा लागतो.

वाचनासाठी गुगलचं रीड अलाँग वापरते. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. पण भरल्या वर्गात त्याचा काही उपयोग नाही, गोंगाटात ते गोंधळतं. ओसरीच्या टोकाला एकेकाला बसवावं लागतं.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी यातलं काहीच पुरत नाही. दिवाळीच्या मागेपुढे घरं रिकामी होतात, मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात. तोवर वडिलांच्या फोनवर मी व्हॉट्सॲपने आवाज पाठवते. एक गोष्ट, एक तोंडी गणित. रात्री कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, कुणी ऐकलं तर सकाळी उत्तर येतं, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो. उत्तरं चांगली येतात, अर्धा-पाव-पाऊण त्यांना तोंडपाठ असतं. पण संख्यारेषा आवाजातून पाठवता येत नाही. त्यामुळे ही पोरं परतली की पुस्तक बाजूला ठेवायचं, हातात खडू द्यायचा आणि ओसरीवर शून्य ते दोन आखायला लावायचं.