ओळख वाचनातून व्हावी

ब्लॉग लिहिणाऱ्यांची आपसातील ओळख एके काळी वाचनातूनच होत असे. गूगल रीडरमध्ये आवडत्या ब्लॉगांची यादी करून ठेवली की नवा लेख आपोआप समोर येई आणि एखाद्याचे लेखन बरेच दिवस वाचल्यानंतरच त्याला पत्र लिहावेसे वाटे. ती सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली आणि आपल्यापैकी अनेकांचे वाचन फेसबुक, ट्विटर व पुढे इन्स्टाग्रामवर गेले. तेथे क्रम उलटा आहे. माणूस आधी मित्रयादीत येतो आणि त्याचे लेखन नंतर कधीतरी वाचले जाते. म्हणून या माध्यमांतून खरा स्नेह जोडायचा असेल, तर वाचनाला त्याचे पहिले स्थान आपणच प्रयत्नपूर्वक परत द्यावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

‘तुम्ही माझी पोस्ट शेअर करा, मी तुमची करतो’ या बोलीवर चालणारे व्हॉट्सॲप समूह मी पाहिले आहेत. त्यामागची तळमळ मला समजते, कारण मराठीत लिहिणाऱ्याला वाचक मिळवण्यासाठी फार धडपडावे लागते. पण लाइक आणि शेअरची याचना करणाऱ्या पोस्ट मागे ठेवण्याचे धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले होते. शिवाय अशा देवाणघेवाणीत कोणीच कोणाचे वाचत नाही, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. फेसबुक पाच हजार मित्र जोडू देते, तर ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणसाला खऱ्या अर्थाने सांभाळता येणारी नाती दीडशेच्या आसपास असतात. लिहिणाऱ्यांपुरते बोलायचे, तर मला त्याहूनही थोडी माणसे पुरतात.

मी ठाण्यातील तलावांविषयी लिहितो. मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे अशा एकेका तलावाचा काठ, त्याचे पाणी आणि त्याच्याभोवती बदललेली वस्ती हा माझा विषय. ऐरोलीला राहणाऱ्या एक ताई ठाणे खाडीतील पक्ष्यांविषयी लिहितात. खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण त्यांच्या लेखनात या घोषणांपेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक अधिक असते. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी खाडीत पसरून चरतात आणि भरतीच्या वेळी त्यांतील बरेचसे नेरुळकडच्या पाणथळ जागांवर जाऊन थांबतात, हे मला त्यांच्या लेखांतून कळले. मी त्यांना इन्स्टाग्रामवर लिहिले ते याच एका मुद्द्याविषयी: नेरुळच्या या जागा बुजल्या, तर भरतीच्या वेळी पक्षी कोठे थांबतील? उत्तर सविस्तर आले. त्यानंतर त्यांनी माझे जुने लेख वाचून तलावांच्या काठांवरील बगळ्यांविषयी विचारले आणि तेथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. ‘खूप छान’ एवढेच मी लिहिले असते, तर त्यांनीही आभार मानले असते आणि विषय तेथेच संपला असता.

दुसऱ्याच्या कामासाठी आपला थोडा वेळ देणे, हा स्नेह वाढवण्याचा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पनवेलच्या एका लेखकमित्राला जुन्या बंदरांवर लिहायचे होते आणि त्यांना ठाण्यापर्यंत वारंवार येणे जमत नव्हते. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने त्यांच्यासाठी संदर्भ शोधण्याचे काम मी आनंदाने घेतले. पुढे १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील तलावांचे उल्लेख त्यांनी मला आपणहून काढून पाठवले. यात कोणी हिशेब ठेवला नव्हता, आणि ठेवला असता तर हे घडले नसते.

चूक दाखवण्याची रीतही येथे फार महत्त्वाची असते. दरवर्षी १६ एप्रिलला, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी रेल्वेविषयी भरभरून लिहिले जाते आणि एखाद्या चांगल्या लेखातही तारखेची वा स्थानकाच्या नावाची गफलत राहून जाते. अशा वेळी मी खासगी संदेश पाठवतो, सोबत संदर्भ जोडतो आणि लेखात काय आवडले तेही सांगतो. चारचौघांत केलेली दुरुस्ती बरोबर असली, तरी समोरच्याला आधी स्वतःचा बचाव करावासा वाटतो. मात्र दुसऱ्याचे छायाचित्र किंवा मजकूर नाव न देता वापरला गेला असेल, तर ते उघडपणेच सांगावे, असे मी मानतो, कारण तेथे ज्याचे श्रम आहेत त्याच्या बाजूने उभे राहण्याचा प्रश्न असतो.

कौतुक मात्र जाहीर असावे. इन्स्टाग्रामवरील पोस्टच्या मजकुरात दिलेली लिंक दाबून उघडता येत नाही, त्यामुळे नुसते टॅग करून वाचक त्या लेखापर्यंत पोहोचत नाही. लेखात नेमके काय आहे आणि तो का वाचावा, हे दोन-चार वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहिले, तर लोक शोधून वाचतात.

सध्या आम्ही तिघे मिळून ठाण्यातील तलावांची एक नोंदवही तयार करत आहोत. बुजवलेल्या तलावांना त्यात स्वतंत्र नोंद असावी, असा माझा आग्रह आहे. कागदोपत्री पुरावा मिळाल्याशिवाय एकही नाव घेऊ नये, असे पनवेलच्या मित्रांचे म्हणणे आहे. आणि ऐरोलीच्या ताईंना वाटते की, काठावर जन्म काढलेल्या वृद्धांची आठवण हाही पुरावाच मानावा. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. येत्या रविवारी तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, भेटून आम्ही तो पुढे चालवणार आहोत आणि तोवर प्रत्येकाने उरलेल्या दोघांचे जुने लेख पुन्हा वाचून यायचे ठरले आहे.