आमची वाटचाल: ग्रिल-गेटच्या दुकानापासून चिलखतापर्यंत

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान मुळात ग्रिल-गेटचं. वडिलांच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो आणि खिडक्यांच्या जाळ्या करण्यातच आपलं आयुष्य जाणार, असं धरून चाललो होतो. चौदा वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या महिनाभर आधी एक सर दुकानात आले. शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. अजब बंगल्याच्या, म्हणजे इथल्या म्युझियमच्या, शस्त्रदालनात उभ्या उभ्या पेन्सिलीनं काढलेली चित्रं तिच्यात होती. शिरस्त्राण, हातावर चढवायचा दस्ताना, चिलखताचा गळा, कड्यांची वीण. म्हणाले, "शोभायात्रेत घालायचं आहे. नाटकातलं नको, खरं पाहिजे."

मी होकार दिला. सोळा गेजची जीआय तार, ती गुंडाळायला आठ मिलिमीटरची सळई, आणि एका कडीत चार कड्या ही वीण. रात्री जागून महिनाभरात चिलखत उभं केलं. कड्यांची टोकं नुसती टोकाला टोक लावलेली. दिसायला फक्कड. शिवजयंतीच्या मिरवणुकीत गांधी गेटजवळ चित्ररथाच्या बांबूत सरांची बाही अडकली आणि बाहीपासून काखेपर्यंत उसवत गेली. लोकांच्या पायांखालून सरांनी एकेक कडी वेचली, रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर ठेवली. पैसे परत मागितले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, कडी मिटली पाहिजे." आमच्या धंद्याची सुरुवात मी त्या रुमालापासून धरतो.

कडी मिटवायची म्हणजे रिव्हेट मारायची. ते शिकवलं मामांनी. मामा जातिवंत तांबट, इतवारीत घागरी आणि बंब ठोकून हयात गेलेली. स्टीलची भांडी आली, काम आटलं, आणि ते आमच्या दुकानासमोरच्या ओट्यावर येऊन बसू लागले. घागरीचं बूड आणि शिरस्त्राणाचा माथा उचलायची रीत एकच असते, हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं. पत्रा ज्यावर ठोकतात ती आपली खरवई घेऊन आले, सोळा गेजचा पत्रा घेतला आणि ठोकायला बसले. तासाभरानं पत्रा तडकला. मामा म्हणाले, "हे लोखंड आहे बाप्पा, तांबं नोहे. हे लवकर रुसते." मग दर दोन फेऱ्यांनी पत्रा लाल करून राखेत गार करायला लागले. तिसऱ्या शिरस्त्राणाला त्यांनी जे मठारकाम केलं, तशी फिनिशिंग मला अजून कुठल्याही मशीनवर मिळालेली नाही. उजेडात धरलं की हातोडीचे घाव खवल्यांसारखे एकसारखे दिसतात. ते शिरस्त्राण मी विकलेलं नाही. विकणारही नाही.

कडीचंही तसंच. तार सळईवर गुंडाळून कापायची ती टोकं तीन मिलिमीटर एकमेकांवर चढतील अशी. लाल करून गार करायची. चढलेली टोकं ऐरणीवर एका घावात चपटी करायची. दुसरा घाव मारला की कड फाटते. मग टोच्यानं भोक. ड्रिल वापरू नका, हे आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगतो. ड्रिल धातू खाऊन टाकतो, टोच्या तो बाजूला सारतो, आणि एवढ्याशा जागेत तेवढाच धातू कडीला धरून ठेवतो. मग पाचरीसारखी छोटी रिव्हेट आणि वरून सांडशीची दाब. त्या सांडशीच्या एका जबड्यात मामांनी कानशीनं हरभऱ्याच्या डाळीएवढी खळगी कोरली होती, रिव्हेटचं डोकं त्यात गोल बसतं. सांडशी जुन्या पकडीची केलेली. तिचे दांडे दोनदा बदलले, जबडा तोच आहे.

सगळ्या कड्यांना रिव्हेट मारायची गरज नसते. एक ओळ रिव्हेटची, एक ओळ अखंड कड्यांची, ही जुनी पद्धत आणि तीच शहाणपणाची, कारण मेहनत निम्मी होते. अखंड कडीसाठी मी आधी लोहा ओळीतून, म्हणजे आमच्या लोखंडबाजारातून, आठ नंबरचे वायसर (वॉशर) आणले. ते बाहेरून 16 मिलिमीटर भरतात; वीण बसतच नाही, नुसती पाटी तयार होते. शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका डायवाल्याकडून आतून 8, बाहेरून 11 असा पंच करून घेतला आणि अठरा गेजच्या पत्र्यातून कड्या काढायला लागलो. त्या एका डायवर मी वर्षभराची बचत घातली. घरात बोलणी खाल्ली. पण आज आमचं चिलखत साडेअकरा-बारा किलोत बसतं ते त्या डायमुळं.

हिशोब सांगतो, म्हणजे भाव ऐकून लोक नाक मुरडणार नाहीत. मध्यम अंगाच्या माणसाचं, अर्ध्या बाहीचं, मांडीपर्यंतचं चिलखत म्हणजे साधारण 25 हजार कड्या. त्यातल्या साडेबारा हजार रिव्हेटच्या. चांगला कारागीर दिवसाला रिव्हेटच्या दीडशे कड्या विणून मिटवतो. म्हणजे एका माणसाचे जवळपास तीन महिने. त्यात शिरस्त्राण नाही, दस्ताने नाहीत, चार आईना, म्हणजे चिलखतावर बांधायचे चार पत्रे, नाहीत.

नंतरची काही वर्षं चांगली गेली. हाताखाली सहा माणसं झाली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता 2020 बद्दल. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

बाहेरगावचा एक आयोजक महानाट्यासाठी आला. आठ सरदारांचे आठ संच हवेत. चिलखत, शिरस्त्राण, दस्ताने, सगळं रिव्हेटचं, कारण दांडपट्ट्याची झटापट प्रेक्षकांच्या अगदी जवळ होणार होती. सहा लाखांचं काम, एक लाख ऐंशी हजार उचल. बाकी माल पोचल्यावर. लेखी करार मागायला मी लाजलो, कारण माणूस गोड बोलायचा आणि छत्रपतींचं नाव घेऊन बोलायचा. तार, पत्रा, चामडं, माणसांचा पगार यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. सहा जणांनी चार महिने दुसरं काही केलं नाही. नमुना म्हणून एक जादा संच त्यानं आधीच नेला होता, "कलाकारांना मापं बघू द्या" म्हणून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल गेला. शेवटच्या आठवड्यात देश बंद झाला.

प्रयोग रद्द झाले ते मी समजू शकतो. त्या माणसाचंही नुकसान झालंच असणार. पण चार लाख वीस हजारांबद्दल तो एक शब्द बोलायला तयार नव्हता. फोन उचलणं बंद केलं. जुलैमध्ये एका टेम्पोतून आठही संच परत आले, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. तालमीत घामेजलेली चिलखतं तशीच प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून, तोंडं बांधून ठेवलेली. पहिली पिशवी उघडली तेव्हा आतून तांबडं पाणी निघालं. मामा ओट्यावरून उठून आले, एक बाही हातात घेऊन चोळली. तळहात लाल झाला. काही न बोलता परत जाऊन बसले.

पाटल्या सोडवायच्या होत्या, तीन महिन्यांचे पगार थकले होते, आणि दुकान विकायला काढावं असं वडिलांनीच सुचवलं. गिऱ्हाईकही बघून गेलं.

त्या वेळी सर आले. तोंडाला मास्क, हातात तीच वही. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. जुन्या काळी कड्यांचं चिलखत वाळूबरोबर पिंपात घालून घोळवायचे, की गंज निघून जातो. पिंप हातानं फिरवायला माणसं कुठून आणणार? पण बांधकामं थांबलेली होती, आणि वाठोड्याकडच्या एका ठेकेदाराचा काँक्रीट मिक्सर रिकामा उभा होता. नाममात्र भाड्यानं मिळाला. तोंडाला झाकण वेल्ड केलं, चाळलेली कोरडी वाळू आणि लाकडाचा भुसा भरला, एका वेळी एक चिलखत. दोन-दोन दिवस फिरवलं. आवाजानं गल्ली त्रासली, शेजारच्या काकू भांडायला आल्या, मी हात जोडले. सहा चिलखतं आतून चांदीसारखी निघाली. दोन मात्र गेली; त्यांच्या रिव्हेटच गंजानं खाल्ल्या होत्या. ती उसवून अखंड कड्या तेवढ्या दुरुस्तीसाठी ठेवल्या, अजून वापरतो. उरलेल्या सहांना गरम करून जवसाचं तेल पाजलं, तीन हात. तेल जळून काळसर थर चढतो आणि तो पावसाला दाद देत नाही. जवस विदर्भातलंच, कुठून मागवायला लागलं नाही.

ती सहा चिलखतं एकेकट्या माणसांना विकली, हप्त्यानं. त्यातून पाटल्या सुटल्या. तेव्हापासून आयोजकाचं काम आम्ही घेत नाही. अंगावर घालणारा माणूस स्वतः मापाला आला पाहिजे.

आणि नमुन्याचा तो नववा संच? तो परत आलाच नाही. दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या जाहिरातीत दिसला. छातीवरच्या चार आईनाच्या पट्टीला आम्ही बकल आडवं लावतो, गळ्याला तेरा कड्यांची दुहेरी ओळ देतो. फोटोत दोन्ही स्पष्ट दिसत होतं. हाच व्यापारी लोहा ओळीत माझ्या शेजारी उभा राहून तार कुठली घेता, हे विचारायचा, आणि मी सगळं सांगायचो. फोटो आमच्या संचाचा, आणि विकतो अॅल्युमिनियमच्या, टोकाला टोक लावलेल्या कड्या. "अस्सल मावळा चिलखत, वजन फक्त 4 किलो." एक तर सामान्य मावळ्याच्या अंगावर चिलखत नसायचंच, ते सरदारांचं लेणं. दुसरं, त्याच मापाचं लोखंडी चिलखत बारा किलोचं होतं आणि अॅल्युमिनियमचं चार किलोचं, हा केवळ धातूचा गुण आहे, त्यात कुणाची कारागिरी नाही. त्याच्या कड्या रंगमंचावर गळतात, हे मी स्वतः झाडूनं गोळा करताना पाहिलंय. तो आज माझ्या दसपट माल विकतो. मला त्याच्या विक्रीचं दुःख नाही. त्या फोटोचं आहे. तो माझ्या मामांच्या हाताचा माल आहे, आणि मामा आता नाहीत.

नवीन पोरं संच जमवायला निघतात आणि आधी शिरस्त्राण घेतात, कारण फोटोत ते दिसतं. तसं करू नका. आधी चिलखताखाली घालायचा दगला शिवून घ्या. रुई भरलेला, जाड टाचणीचा, गादीवाल्याकडून टाचून घेतलेला. आपण कापसाच्या मुलखात राहतो, दगल्याला रुई कमी पडायला नको. चिलखताचं माप दगल्यावरून द्यायचं, उघड्या अंगावरून दिलं तर काखेत आवळणार. काखेत पाचर घालूनच घ्या, नाहीतर हात वर होत नाही. घातल्यावर कमरेला शेला करकचून बांधा आणि वरून चिलखत थोडं उपसून घ्या. निम्मा भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. वीण उभी की आडवी ते बघून घ्या, वजनानं कड्या मिटायला हव्यात, फाकायला नकोत. हँगरला टांगू नका. प्लास्टिकमध्ये तर कधीच ठेवू नका. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात अकरानंतर अंगावर लोखंड नको, रामनवमीच्या मिरवणुकीत दोघांना चक्कर आलेली मी पाहिली आहे. आणि पहिल्या संचासाठी कर्ज काढू नका. दगला, मग चिलखत, मग शिरस्त्राण, मग दस्ताने. तीन वर्षं लागली तरी लागू द्या.

सरांचा संच असाच वाढला. पहिल्या चिलखतानंतर रिव्हेटचं दुसरं. मग त्यांनी ते अंगरख्याच्या आत घालायचा हट्ट धरला. प्रतापगडाखाली 10 नोव्हेंबर 1659 ला महाराजांनी चिलखत अंगरख्याखाली आणि शिरस्त्राण मंदिलाखाली, म्हणजे पागोट्याखाली, घातलं होतं, मग आपण वर का मिरवायचं? अंगरखा दोन बोटं सैल करून घेतला, गळ्याची ओळ उतरवली, बाह्या आखूड केल्या. बाहेरून काही दिसत नाही. चालताना तेवढा कड्यांचा बारीक आवाज येतो.

2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरच्या सेनासाहेबसुभा रघुजीराजे भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं 47 लाख 15 हजारांना घेतली, तेव्हा सरांचा फोन आला. आवाज भरून आला होता. "पातं युरोपातलं, मूठ इथली," ते म्हणाले. "रघुजीराजांनीसुद्धा जमवूनच संच केला होता. आता तुम्हाला कोणी जोडकाम म्हणून हिणवलं तर हे सांगा." मी ते सांगतो, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला.

सर आता निवृत्त आहेत, उजवा खांदा दुखतो. बारा किलो झेपत नाही आणि अॅल्युमिनियम ते घालणार नाहीत. म्हणून अठरा गेजची तार आणि सहाची सळई घेऊन नवीन चिलखत धरलं आहे. साधारण सव्वानऊ किलोत बसेल. पण कडी लहान झाली की संख्या वाढते. 25 हजारांच्या जागी जवळपास 45 हजार कड्या. मामांच्या सांडशीची खळगी या रिव्हेटला मोठी पडते, म्हणून दुसरी सांडशी करून घेतली. दोन्ही बाह्या आणि खांदे झाले आहेत. सर दर शनिवारी संध्याकाळी येतात, चष्मा कपाळावर चढवून ओळी मोजतात आणि 19 फेब्रुवारीला किती दिवस उरले ते सांगून जातात. पाठ अजून अर्धी व्हायची आहे.