दिवाळीची पोस्त

आज आमच्या रत्नागिरीच्या सोसायटीत चर्चा रंगली, घरकाम करणाऱ्या मावशींना पोस्त किती द्यायची. कुणी म्हणालं साडी, कुणी मिठाईचा पुडा. मला नाही पटत. साडी आपल्या पसंतीची असते, पैसे त्यांच्या गरजेला येतात. कारखान्यात कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, म्हणजे वर्षाकाठी साधारण एक पगार. घरकामाला तो बोनसचा नियम लागू नाही, म्हणून आपण हात आखडायचा? एक पगार, रोख, आणि वसुबारसेच्या आधी! भाऊबीज उलटल्यावर देऊन काय उपयोग? (दोन-तीन दिवस भरपगारी सुट्टीही द्या, फराळ त्यांच्याही घरी करायचा असतो.) आमच्या मावशींना संध्याकाळी दिले. म्हणाल्या, "ताई, आधी पोरीची फी भरते."