इतक्या थंडीत जिप्सीच का?

उन्हाळ्यात लेहला येणारे मराठी पाहुणे माझ्या गाडीशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मग हमखास विचारतात, "हिवाळ्यातही रोज हीच चालवता?" इचलकरंजीला घरी गेलो की मामा तेच वेगळ्या शब्दांत विचारतो, "धड गाडी घेण्याइतका पगार देत नाहीत काय रे तुला?" आजवर "सवय झालीय" एवढ्यावर मी दोघांनाही वाटेला लावत आलो. पण आता बऱ्याच जणांनी मनापासून विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

गाडी २००७ सालची मारुती जिप्सी. पेट्रोल, तेराशे सीसी, वर ताडपत्रीचा टप. नंबर अजून जेके-१० चा, म्हणजे लडाख केंद्रशासित होण्याआधीचा. पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच हजार रुपये भरून नोंदणी वाढवून घेतली. माझं काम मोबाइल टॉवरच्या देखभालीचं. जनरेटर, बॅटऱ्या, सोलर हे सगळं चालू ठेवायचं. रोजचा रस्ता लेहहून चोगलमसर, शे, ठिकसे, कारू आणि आठवड्यातून दोन-तीनदा कारूहून डावीकडे वळून सक्ती गावापर्यंत. गाडी स्वतःची, किलोमीटरचे पैसे ठेकेदार देतो. टॉवरची एक खोड आहे. उन्हाळ्यात ते गुण्यागोविंदाने चालतात आणि बंद पडायचे ते जानेवारीत.

आधी एक गैरसमज दूर करतो. हिवाळ्यातलं लेह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गुडघाभर बर्फ आणि त्यातून उधळत जाणारी गाडी येते. तसं इथे क्वचितच घडतं. लडाख हे थंड वाळवंट आहे. लेहला वर्षभरात सरासरी सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात त्याहून जास्त पडून जातो. तेव्हा डिसेंबरातही माझा रस्ता बहुतेक सगळा कोरडा, काळा आणि खडखडीत असतो. घोटाळा होतो तो मधल्या तुकड्यांत. कुठे पाइप फुटलेला असतो, कुठे झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं. ते रात्री गोठतं, दुपारी वरवर पाघळतं, पुन्हा गोठतं, आणि आठवड्याभरात तिथे काचेची लादी तयार होते. सफेद्यांच्या, म्हणजे पॉपलरच्या झाडांच्या, सावलीत ती मार्चपर्यंत हलत नाही. म्हणजे तीन किलोमीटर डांबर, पन्नास पावलं काच, परत डांबर.

या असल्या रस्त्याला जिप्सीचं फोर बाय फोर खरं तर सोयीचं नाही, हे ऐकून लोक चकित होतात. जिप्सी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते. छोटा गिअर, म्हणजे मुख्य गिअरशेजारची वेगळी दांडी, टाकला की पुढची चाकंही जोडली जातात, पण पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना घट्ट बांधल्यासारखे एकाच वेगाने फिरू लागतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घ्यावा लागतो. बर्फावर हा फरक चाकं थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, तेव्हा तो सगळा पीळ दांड्यांमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. गाडी जड होते, वळताना अडखळते, आणि छोटा गिअर काढायला जावं तर जागचा हलत नाही. मग गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्यायची. पीळ सुटतो आणि गिअर लोण्यासारखा निघतो. पहिल्या हिवाळ्यात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गिअरच्या दांडीशी दोन्ही हातांनी कुस्ती खेळलो होतो.

आता डिसेंबर लागला की पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक धुऱ्याशी जोडणारी मधली कळ, हाताने फिरवून लॉक करतो आणि मार्चपर्यंत तसेच ठेवतो. पेट्रोल थोडं जास्त जातं, पण उणे पंधरात रस्त्यावर बसून हब फिरवण्यापेक्षा ते परवडलं. काच समोर दिसली की तिच्यावर पोचण्याआधी छोटा गिअर टाकायचा, पार झालो की काढायचा. सक्तीला जाऊन येईपर्यंत ही कसरत वीसेक वेळा होते.

आणि फोर बाय फोर असलं की बर्फाची भीती नाही, असं जे म्हणतात, त्यांना माझी दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. सक्तीहून उतरत होतो. दुपारचे चार, ऊन डोंगरामागे गेलेलं. समोर काच दिसली, छोटा गिअर टाकला, चारही चाकं जोडलेली, त्यामुळे मी निर्धास्त. साखळ्या मागे पोत्यात होत्या. त्या चढवायला पंधरा मिनिटं लागतात, बोटं बधिर होतात आणि पुढे लगेच कोरडं डांबर, तिथे साखळ्याही झिजतात आणि टायरही. पन्नास पावलांसाठी कोण उतरणार? काचेवर आल्यावर वेग जरा जास्त वाटला म्हणून ब्रेकला पाय लावला. लावला म्हणजे नुसता टेकवला. मागची बाजू हळूच, अगदी सौजन्याने, माझ्या डावीकडून पुढे यायला लागली. जिप्सी जेमतेम टनभर वजनाची, त्यातही मागचा भाग हलका. मी आणि गाडी आडवे होऊन शेताच्या दगडी बांधाला टेकलो. लागलं काही नाही, बंपर वाकला.

पाचेक मिनिटांनी मागून एक अल्टो आली. पुढच्या दोन चाकांना साखळ्या, आत शेजारचे आचो-ले (लडाखीत थोरला भाऊ, आदराने), त्यांची आई आणि बहुधा गव्हाच्या पिठाची दोन पोती. अल्टो त्या काचेवरून खणखण आवाज करत, बैलगाडीच्या चालीने सरळ गेली आणि पुढे थांबली. आचो-लेंनी काच खाली करून "जुले" केलं आणि विचारलं, "साखळ्या नाहीत?" म्हटलं, "आहेत की, मागे पोत्यात." ते काही बोलले नाहीत. आतून त्यांची आई हसल्याचा आवाज मात्र आला.

त्यातून एवढं डोक्यात बसलं की चार चाकांची ताकद निघायला उपयोगी, थांबायला नाही. थांबताना सगळ्या गाड्यांना चारच टायर असतात आणि जिप्सीला तर ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नाही. उतारावर तिच्याकडे एकच खरं हत्यार आहे: छोटा गिअर लो मध्ये (चाल हळू, ताकद जास्त) टाकून मुख्य गिअर दुसऱ्यावर ठेवून सोडायची आणि ब्रेकला पायच लावायचा नाही. इंजिन चारही चाकांना सारखं धरून ठेवतं. पहिला गिअर मात्र नको, त्यात इंजिन इतकं आवळतं की चाकंच घसरायला लागतात. मागे आता वाळूची दोन पोती कायम असतात. शेपटीला वजन मिळतं, आणि अडकलोच तर चाकाखाली टाकायला वाळू होते. टायरही बदलले. खडबडीत, मोठ्या खाचांचे दिसायला भारी होते, पण थंडीत त्यांचं रबर लाकडासारखं कडक व्हायचं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. गाडीवर मी केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच. तुम्ही इथे कुठलीही गाडी चालवणार असाल तर आधी टायर बघा, मग गाडी.

म्हणाल, मग अल्टोच का नाही घेतलीस? रास्त आहे. लेहच्या आसपास बहुतेक लोक हिवाळा अशाच छोट्या गाड्यांवर काढतात. पण टॉवर गावाबाहेर टेकाडावर असतात. शेवटचा पाव किलोमीटर रस्ता नसतोच, नुसता दगडगोट्यांचा चढ, त्यात खांद्यावर नेता येणार नाही अशी बॅटरी. तिथे पाट्यांच्या स्प्रिंगा, उंची आणि लो गिअर लागतात.

आणि नवी मोठी डिझेल गाडी? त्याचं उत्तर सकाळी सहा वाजता कळतं. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, त्यातलं मेण फिल्टरमध्ये अडकतं. पूर्वी ड्रायव्हर लोक पहाटे टाकीखाली स्टोव्ह पेटवून बसायचे, डिझेलमध्ये रॉकेल घालायचे. नोव्हेंबर २०१९ पासून लडाखात हिवाळी डिझेल मिळायला लागलं, ते उणे तेहतीसपर्यंत वाहतं राहतं आणि आता बरंच सोपं झालंय. पण गाडीच्या टाकीत खालच्या मैदानी भागातून भरून आणलेलं साधं डिझेल उरलं असेल तर व्हायचं तेच होतं. पेट्रोलला ही भानगड नाही.

म्हणजे जिप्सी किल्ली फिरवली की सुरू होते असं समजू नका. बॅटरी या थंडीत निम्म्यावर येते, म्हणून रात्री ती काढून घरात आणतो आणि बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) थोड्या अंतरावर ठेवतो. बायको तिला आमचं तिसरं लेकरू म्हणते. इंजिन ऑईल 'फाइव्ह डब्ल्यू'चं, म्हणजे थंडीतही पातळ राहणारं, घालावं लागतं. गावाकडे सर्रास मिळणारं वीस-पन्नासचं ऑईल मी एका वर्षी घातलं होतं, सकाळी डिपस्टिकवरून काकवीची धार लागली. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्म. नुसतं पाणी ठेवलंत तर गोठताना ते फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला चीर पाडतं. हँडब्रेक रात्री ओढायचा नाही, ओलसर ब्रेक-शू ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागे दगड. रेडिएटरसमोर अर्धा पुठ्ठा, नाहीतर इंजिन तापतच नाही आणि हीटरमधून गार वारा येतो. हीटर मागच्या मालकाने कुठून तरी मिळवून बसवलाय. तो एकच काम करतो, उजवा पाय शेकतो. ताडपत्रीच्या टपात बाकी काही उबदार राहत नाही. आपल्याच श्वासाची काचेवर आतून नक्षी जमते, ती मी जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो.

एवढे हाल सांगून झाल्यावर कारण सांगतो. थंडी पडली की लेहमधले निम्मे-अधिक मेस्त्री आपापल्या गावी निघून जातात, शटरं खाली येतात ती एप्रिलपर्यंत. त्या चार महिन्यांत गाडी माझी मीच दुरुस्त करतो, दुसरा इलाज नाही. जिप्सीचं बॉनेट उघडलं की खाली जमीन दिसते, इतकी मोकळी जागा. हातमोजे घालूनही हात आत जातो. मारुतीने २०१९ साली ती सर्वसामान्य ग्राहकांना विकणं थांबवलं, पण लष्कराने ती इतकी वर्षं आणि इतक्या संख्येने चालवली की या भागात तिचा पाटा, क्लच प्लेट, बेअरिंग यांतलं काही ना काही कुणाच्या तरी खोपट्यात पडलेलं असतंच. सेन्सर लावून संगणकावर वाचावं लागेल असं तिच्यात फारसं बिघडत नाही. थोडं आहे, कारण इंजिन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडणारं, आहे. त्याचा मला उलट फायदाच होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर, इथली हवा खालच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश विरळ. जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सी इथे पेट्रोल जास्त खातात आणि काळा धूर ओकतात, माझ्या गाडीला फक्त दम लागतो.

दुसरं कारण जरा विचित्र वाटेल. तिला पॉवर स्टिअरिंग नाही. एरवी ते ओढताना दंड भरून येतात. पण काचेवर चाक चढलं की तेच स्टिअरिंग एकदम हलकं होतं, दोन बोटांनी फिरेल इतकं. डोळ्यांना काच दिसण्याआधी हातांना कळतं. संध्याकाळच्या अंधारात, जिथे ओलं डांबर आणि बर्फ सारखंच चमकतं, तिथे या एका गोष्टीने मला किती वेळा सावरलंय, मोजलेलं नाही. ठेकेदाराची नवी गाडी मी चार दिवस चालवून पाहिली. उबदार, शांत, गाणी छान वाजतात. पण तिचं स्टिअरिंग डांबरावर आणि काचेवर सारखंच मऊ. पाचव्या दिवशी परत केली.

गंजाचं काय, असं टोरांटोचा मावसभाऊ विचारतो. त्याच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेच मीठ जुन्या गाड्यांचे तळ खाऊन टाकतं. इथे हवा इतकी कोरडी की माझ्या गाडीच्या चेसीवर मूळचा रंग अजून आहे.

शेवटचं, काहींनी हळूच विचारलंत की विकायची आहे का. डिसेंबर ते मार्च तो विषय काढू नका. जूनमध्ये फोन करा. तेव्हा टपाच्या फटींतून सगळी धूळ आत येते, पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, ऊन टाळूवर बसतं आणि मी दरवर्षी ठरवतो की यंदा ही काढायचीच. गेल्या जूनमध्ये एक गिऱ्हाईक घरी येऊनही गेलं होतं. मी सांगितलेली किंमत ऐकून तो चहा अर्धा टाकून उठला.