तिचं शांत बसणं

बुधवार, रात्री पावणेअकरा

आज पालकसभा होती. विषय वेगळाच होता, पण पंधरा मिनिटांत गाडी टीव्हीवर आली. एक आई म्हणाल्या, आमच्या घरात टीव्हीच नाही. एका बाबांचं म्हणणं, त्यांचा मुलगा सगळे रंग आणि आकडे कार्टून बघूनच शिकलाय, मग उगाच घाबरायचं कशाला? तिसऱ्या एक जणी हळूच म्हणाल्या, "मी घरून काम करते. मीटिंग चालू असताना मी दुसरं काय करू, ते मला सांगा." कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

गेलं वर्षभर मी लेकीबद्दल अभिमानाने सांगत आलो, "कार्टून लावलं की किती शांत बसते!" कार्यक्रम चांगला की वाईट हे मी तेवढ्यावरच ठरवायचो. मारामारी नाही, शिव्या नाहीत, पोरगी जागची हलत नाही, म्हणजे चांगला. बंद केला की ती जमिनीवर अंग टाकून रडायची, त्याला मी हट्ट समजायचो आणि रागवायचो. त्या रागावण्याचं मला आज फार वाईट वाटतंय.

महिन्यापूर्वी एकदा तिच्याशेजारी बसून तिचं लाडकं कार्टून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. सहज मनात एक-दोन-तीन मोजायला लागलो, एक दृश्य किती वेळ टिकतं ते बघायला. तीनच्या पुढे क्वचितच गेलो. संगीत क्षणभरही थांबत नव्हतं. कुणी धावतंय, कुणी पडतंय, कुणी ओरडतंय. मी तिला दोनदा हाक मारली. तोंड किंचित उघडं, नजर समोर. तिला ऐकूच आलं नाही. हे शांत बसणं नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग वाचत सुटलो. २०११ साली अमेरिकेत चार वर्षांच्या साठ मुलांवर एक प्रयोग झाला होता. काहींना नऊ मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ, माहिती देणारा कार्यक्रम, आणि काहींना चित्रं काढायला बसवलं. त्यानंतर लगेच सगळ्यांना लक्ष देण्याची आणि स्वतःला आवरण्याची छोटी कामं दिली. वेगवान कार्टून पाहिलेली मुलं मागे पडली. परिणाम किती काळ टिकतो, हे त्या प्रयोगातून कळत नाही आणि मी ते ताणूनही सांगणार नाही. पण टीव्ही बंद केल्यावरची ती पाच-दहा मिनिटं मला ओळखीची वाटली. तिला हवं ते मिळत नव्हतं म्हणून ती रडत नसावी. तिला स्वतःला आवरताच येत नव्हतं, असं मला आता वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांची होईपर्यंत मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, जितकी कमी तितकी बरी. आम्ही पालक या तासावरून भांडतो. तास महत्त्वाचा आहेच. पण त्या तासात पडद्यावरचा माणूस मुलाला बोलायला जागा ठेवतो की नाही, हे आमच्यापैकी कितीजण बघतात?

१९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या लहान मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमाची गोष्ट मला म्हणून फार आवडली. त्यातला सूत्रधार कॅमेऱ्याकडे बघून प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. खरोखर थांबतो, मुलाला विचार करून उत्तर देता येईल इतका वेळ. सुरुवातीला तर एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे. अभ्यासकांनी पाहिलं, तर पहिल्या दिवशी मुलं टक लावून बघत होती आणि पुढच्या दिवसांत ओरडून उत्तरं देऊ लागली, गोष्टही त्यांना जास्त कळू लागली. आणि आम्ही? "परत तेच काय बघतेस, दुसरं लावू या की!" कंटाळा आम्हाला येतो. तिला तर आत्ता कुठे समजायला लागलेलं असतं. ऑटोप्ले तर पुढचा भाग आपणहून सुरू करतो. तो मी त्याच आठवड्यात बंद केला.

आईशी यावरून थोडं वाजलं. तिला दिवसभर बातम्या लागतात. म्हणाली, "अरे, ती कुठे बघतेय? ती तर खेळतेय तिकडे." मलाही तसंच वाटायचं. पण २००८ च्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा टीव्ही चालू ठेवला होता. मुलांनी त्याकडे अधूनमधून नुसती नजर टाकली, तरी त्यांचा खेळ तुटक झाला. एका खेळात कमी वेळ रमली. हे आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र नात खेळत असली की टीव्ही बंद असतो. आई, तुझे उपकार.

टीव्हीवर आकडे शिकलेला तो मुलगा खोटा नाही. तीन-चार वर्षांची मुलं चांगल्या कार्यक्रमांतून शिकतात, हे मान्य करायला हवं. तान्ह्यांचं मात्र वेगळं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली होती, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना पडद्यावरून. समोर माणूस होता त्यांनाच त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले.

'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा अमेरिकन कार्यक्रम १९६९ पासून चालू आहे. मोठ्यांनीही सोबत बसावं म्हणून त्यात मुद्दाम मोठ्यांसाठी विनोद घालत आलेत. त्यातल्या दुकानदार आजोबांचं काम करणारे कलाकार वारले, तेव्हा ती बातमी मुलांपासून लपवली नाही. पात्रही वारलंय आणि परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगितलं. तो भाग १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या सुट्टीच्या दिवशी दाखवला, कारण त्या दिवशी आईबाबा घरी असतील आणि मुलांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला कुणीतरी असेल. हे वाचून माझे डोळे भरून आले. इतका विचार मुलांचा कुणीतरी केला होता.

त्या घरून काम करणाऱ्या आईंना हे सांगायला हवं होतं. मीटिंगच्या वेळी एखादा संथ भाग लावल्याने त्यांचं काही चुकत नाही. रोज नवीन शोधू नका, तोच लावा. मीटिंग संपली की विचारा, आज काय झालं त्यात? सकाळी लेकीला सोडायला जाईन तेव्हा भेटतीलच. उद्या नक्की बोलेन.

आज संध्याकाळी आम्ही दोघं बसलो होतो. पडद्यावरच्या ताईने विचारलं, पिल्लू कुठे लपलंय? आणि ती थांबली. लेकीने पडद्याकडे पाहिलंच नाही. वळून माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, "बाबा, मला माहितीये. पण आधी तू सांग." मी म्हणालो, झाडामागे. ती आनंदाने ओरडली, "नाऽऽही! पेटीत!"

भाग संपला. तिने स्वतः रिमोट आणून दिला आणि खेळण्यांची रिकामी पेटी ओढत आणली. झोपेपर्यंत सगळी बाहुल्या-अस्वलं तीत लपत होती आणि मी शोधत होतो. उद्या पुन्हा तोच भाग लावायचाय. चौथ्यांदा.