हुशारीच्या आड राहिलेली अडचण

शिक्षिका म्हणून मी आजवर लिहिलेल्या असंख्य शेऱ्यांपैकी एका शेऱ्याची मला अजूनही खंत वाटते. 'हुशार आहे, पण कष्ट घेत नाही' असे मी दहा वर्षांच्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिले होते. चंद्राच्या कला का दिसतात हे तो एक चेंडू आणि एक विजेरी घेऊन साऱ्या वर्गाला माझ्यापेक्षा नीट समजावून देत असे. मात्र त्याच विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या की दीड ओळीनंतर त्याचे पेन थांबे, अक्षरे एकमेकांवर चढत आणि एकच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडे. ज्याला इतके कळते त्याला लिहिता येत नाही हे मला पटेना, म्हणून तो टाळाटाळ करतो असे मी ठरवून टाकले. पुढे तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत त्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्याच अहवालात त्याची तर्कशक्ती त्याच्या वयाच्या बहुसंख्य मुलांपेक्षा बरीच वरची असल्याचेही नोंदवले होते.

तोवर माझ्या मनात या दोन गोष्टींचे कप्पे वेगळे होते. विशेष गरजा असलेली मुले एका बाजूला आणि असामान्य क्षमतेची मुले दुसऱ्या बाजूला, अशीच माझी समजूत होती. एकाच मुलात हे दोन्ही असू शकते, आणि अशा मुलांसाठी शिक्षणशास्त्रात 'दुहेरी विशेषता' ही स्वतंत्र संकल्पना आहे, हे मला फार उशिरा कळले. वास्तविक वाचन-अक्षमतेच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्येच ही गोष्ट दिसते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिले. त्याची दृष्टी उत्तम होती, अंकगणितात त्याला अडचण नव्हती, पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते आणि स्वतःचे नावसुद्धा तो चुकीचे लिहीत असे. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे. तो शिक्षक मला माझ्यापेक्षा फार जाणता वाटतो.

अशी मुले नजरेतून का निसटतात, हे समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलाची बुद्धी त्याची अडचण झाकत असते. शब्द वाचता आला नाही तर ते चित्रावरून आणि संदर्भावरून अंदाज बांधते, दुसऱ्याने मोठ्याने वाचलेला धडा एकदा ऐकून लक्षात ठेवते आणि विचारले की अचूक सांगते. सुरुवातीच्या इयत्तांमध्ये एवढ्यावर निभावते. पुढे मजकूर लांब होतो, तो स्वतः वाचून त्यातून शिकण्याची अपेक्षा सुरू होते, आणि तेव्हा ही युक्ती अपुरी पडू लागते. लिहिताना इतर मुलांचा हात सरावाने आपोआप चालतो, त्यामुळे त्यांचे लक्ष आशयाकडे मोकळे राहते. या मुलाला मात्र प्रत्येक अक्षराचा आकार आणि क्रम जाणीवपूर्वक आठवावा लागतो. क्षणभर मनात धरून ठेवायची माहिती जिथे राहते, त्या कार्यकारी स्मृतीची जागा त्यातच भरून जाते आणि डोक्यात तयार असलेले वाक्य कागदावर उतरण्याआधीच विरून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त थांबलेले पेन दिसते. याच्या उलटही घडते: अडचण इतकी ठळक असते की तिच्यामागची क्षमता कोणी शोधतच नाही. काही मुलांमध्ये तर दोन्ही बाजू एकमेकींना झाकतात आणि मूल 'मध्यम' ठरते.

या 'मध्यम' शब्दाविषयी मी फार सावध झाले आहे. बुद्धिमापन चाचणीत १०० ही सरासरी धरली जाते. एखाद्या मुलाचा तर्कशक्तीचा गुणांक १३५ आणि काम उरकण्याच्या वेगाचा ८० असेल, तर पहिल्या बाबतीत ते समवयस्कांपैकी जवळजवळ ९९ टक्के मुलांच्या पुढे असते आणि दुसऱ्या बाबतीत ९० टक्क्यांहून अधिक मुले त्याच्या पुढे असतात. या दोन आकड्यांची ढोबळ सरासरी काढली तर ती १०७ च्या आसपास येते, आणि हा आकडा त्या मुलाविषयी काहीच खरे सांगत नाही. म्हणून पालकांना अहवाल मिळाला की त्यांनी एकूण गुणांकावर न थांबता उपविभागांमधील अंतर पाहावे आणि त्याचा अर्थ तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली मापनश्रेणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना योग्य शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते हे मत बिने यांना मान्य नव्हते.

आपली सर्वांत मोठी चूक पुढच्या टप्प्यावर होते असे माझे मत आहे. अक्षमता लक्षात आली की मुलाचा सगळा वेळ तिच्या मागे लावला जातो. आधी शुद्धलेखन सुधार, मग विज्ञानाचा प्रकल्प, असा क्रम ठरतो. ज्या गोष्टीत ते मूल फुलते तीच त्याच्याकडून काढून घेतली जाते आणि उरलेला दिवस फक्त अपयशाचा होतो. वाचन शिकवण्याचे पद्धतशीर काम व्हायलाच हवे, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड टप्प्याटप्प्याने घालून द्यायलाच हवी. परंतु त्याच वेळी त्याच्या बुद्धीला साजेसे अवघड काम, तोंडी उत्तराची किंवा टंकलेखनाची मुभा, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि वाढीव वेळ हेही मिळाले पाहिजे. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. प्रत्येक अक्षमतेमागे एखादी असामान्य प्रतिभा दडलेली असते असे अजिबात नाही, आणि मदत मिळण्यासाठी कोणत्याही मुलाला आधी आपली प्रतिभा सिद्ध करावी लागू नये.

अहवाल आल्यानंतर मी त्या मुलाला बाजूला बोलावून त्या शेऱ्याबद्दल त्याची माफी मागितली. तो काही वेळ गप्प राहिला. मग विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापणार का, एवढेच त्याने विचारले. नाही, असे मी सांगितले, आणि त्यानंतर कोणाचेही कापलेले नाहीत.